बेंजामिन थॉम्पसन, काउंट रम्फर्ड

सर बेंजामिन थॉम्पसन, काउंट रम्फर्ड (जन्म: २६ मार्च, इ.स. १७५३, मृत्यू: २१ ऑगस्ट, इ.स. १८१४) हे अमेरिकेत जन्मलेले ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ, संशोधक, लष्करी अधिकारी व प्रशासक होते. घर्षणातून निर्माण होणाऱ्या उष्णतेवरील प्रयोगांमुळे भौतिकशास्त्राच्या इतिहासात त्यांना महत्त्वाचे स्थान आहे. त्यांच्या संशोधनाचा मोठा भाग मात्र चूल, भट्टी, शेकोटी, भांडी आणि इंधन या नित्याच्या गोष्टींशी निगडित होता. अन्न शिजण्यास किती तापमान लागते, पाण्याला उकळी फुटल्यावर जाळ वाढवून काही लाभ होतो का, सरपणातील उष्णता नेमकी कोठे वाया जाते, या प्रश्नांची उत्तरे त्यांनी प्रयोग व मोजमाप यांच्या आधारे शोधली. बंदिस्त चूल, भाजण्याची भट्टी, कमी धूर करणारी शेकोटी आणि गरिबांसाठीचे स्वस्त सूप यांमुळे त्यांचे नाव युरोपभर परिचित झाले. लंडनमधील रॉयल इन्स्टिट्यूशन या संस्थेच्या संस्थापकांपैकी ते प्रमुख होत.

बालपण व शिक्षण

थॉम्पसन यांचा जन्म मॅसॅच्युसेट्समधील वूबर्न या गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. ते लहान असतानाच त्यांच्या वडिलांचे निधन झाले व आईने पुनर्विवाह केला. वयाच्या तेराव्या वर्षी ते सेलम येथील एका व्यापाऱ्याकडे उमेदवारी करू लागले. तेथे शोभेची दारू तयार करताना झालेल्या स्फोटात ते भाजले. पुढे त्यांनी बॉस्टनमध्ये दुकानात काम केले व काही काळ एका वैद्याकडे वैद्यकाचे शिक्षण घेतले. मित्र लोअमी बाल्डविन यांच्यासह ते केंब्रिजपर्यंत पायी जाऊन हार्वर्ड येथील प्राध्यापक जॉन विंथ्रॉप यांची विज्ञानावरील व्याख्याने ऐकत असत.

इ.स. १७७२मध्ये ते न्यू हॅम्पशायरमधील कॉनकॉर्ड येथे शिक्षक झाले. या गावाचे पूर्वीचे नाव रम्फर्ड असे होते. त्याच वर्षी त्यांनी सारा वॉकर रोल्फ या धनाढ्य विधवेशी विवाह केला. त्या वेळी त्यांचे वय १९ वर्षे होते व पत्नी त्यांच्याहून बऱ्याच मोठ्या होत्या. या विवाहामुळे त्यांचा वसाहतीतील उच्च वर्तुळात प्रवेश झाला आणि गव्हर्नर जॉन वेंटवर्थ यांनी त्यांना नागरी सैन्यात मेजर नेमले. इ.स. १७७४मध्ये त्यांना सारा ही कन्या झाली.

अमेरिकन क्रांती व ब्रिटिश सेवा

वसाहतींमधील असंतोष वाढत असताना थॉम्पसन यांनी ब्रिटिश राजसत्तेची बाजू घेतली. स्थानिक लोकांचा रोष ओढवल्याने इ.स. १७७४च्या अखेरीस त्यांनी पत्नी व तान्ह्या मुलीला मागे ठेवून कॉनकॉर्ड सोडले. इ.स. १७९२मध्ये पत्नीचे निधन झाले. मे १७७५मध्ये त्यांनी अदृश्य शाईने लिहून पाठविलेले हेरगिरीचे पत्र ब्रिटिश सेनापती थॉमस गेज यांच्या कागदपत्रांत सापडले आहे.

इ.स. १७७६मध्ये ते लंडनला गेले. वसाहतींचे मंत्री लॉर्ड जॉर्ज जर्मेन यांच्या कार्यालयात काम करीत ते उपसचिवाच्या पदापर्यंत पोहोचले. याच काळात त्यांनी बंदुकीच्या दारूच्या शक्तीवर प्रयोग केले आणि इ.स. १७७९मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य म्हणून निवडले गेले.

युद्धाच्या शेवटच्या टप्प्यात ते घोडदळाच्या तुकडीचे प्रमुख म्हणून अमेरिकेत परतले. इ.स. १७८२-८३च्या हिवाळ्यात लाँग आयलंडवरील हंटिंग्टन येथे त्यांच्या तुकडीने गावाच्या दफनभूमीवर किल्ला बांधला. थडग्यांवरील दगड काढून त्यांच्या पाव भाजण्याच्या भट्ट्या रचण्यात आल्या. त्या भट्ट्यांतून निघालेल्या पावांच्या बुडाशी मृतांच्या नावांची उलटी अक्षरे उमटत, अशी आठवण त्या गावात पुढे सांगितली जात असे. इंधन व अन्नाची काटकसर शिकविणारे रम्फर्ड मूळ मायदेशात दीर्घकाळ अप्रिय राहिले, याला अशा घटनाही कारणीभूत होत्या.

बव्हेरियातील कारकीर्द

इ.स. १७८४मध्ये इंग्लंडचे राजे तिसरे जॉर्ज यांनी थॉम्पसन यांना 'सर' हा किताब दिला. त्याच वर्षी ते बव्हेरियाचे शासक, इलेक्टर कार्ल थिओडोर यांच्या सेवेत म्यूनिक येथे रुजू झाले. पुढील काही वर्षांत ते मेजर जनरल व युद्धमंत्री झाले. सैनिकांचे कपडे, अन्न, निवास व रिकामा वेळ यांचा त्यांनी बारकाईने विचार केला. म्यूनिकमधील इंग्लिश गार्डन हे विस्तीर्ण सार्वजनिक उद्यान इ.स. १७८९मध्ये त्यांच्या पुढाकाराने आकाराला येऊ लागले.

गणवेशासाठी कोणते कापड अधिक उबदार आहे हे ठरविताना त्यांनी लोकर, फर, पिसे इत्यादी पदार्थांतून उष्णता किती सावकाश बाहेर पडते याची तुलना केली. या पदार्थांची ऊब प्रामुख्याने त्यांत अडकून पडलेल्या हवेमुळे मिळते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. उष्णतेवरील संशोधनासाठी रॉयल सोसायटीने इ.स. १७९२मध्ये त्यांना कोप्ली पदक दिले. याच सुमारास त्यांना पवित्र रोमन साम्राज्याचे काउंट हा दर्जा मिळाला. त्यासाठी त्यांनी कॉनकॉर्डचे जुने नाव निवडले आणि तेव्हापासून ते काउंट रम्फर्ड या नावाने ओळखले जाऊ लागले.

म्यूनिकचे उद्योगगृह व रम्फर्ड सूप

त्या काळी म्यूनिकमध्ये भिकाऱ्यांची संख्या मोठी होती. १ जानेवारी १७९० रोजी रम्फर्ड यांनी लष्करी व नागरी अधिकाऱ्यांच्या मदतीने शहरातील भिकाऱ्यांना ताब्यात घेण्याची मोहीम राबविली. त्यांच्या स्वतःच्या वृत्तांतानुसार सुमारे २,६०० जणांची नोंद झाली. या लोकांसाठी उद्योगगृह उघडण्यात आले. तेथे सूतकताई, विणकाम व शिवणकाम दिले जाई, आणि त्या बदल्यात मजुरी व गरम जेवण मिळे. तयार झालेले कापड सैन्याच्या गणवेशांसाठी वापरले जाई. ही योजना दयेवर तसेच सक्तीवरही आधारलेली होती. तिच्यामुळे अनेकांना अन्न व ऊब मिळाली, पण भीक मागण्याचा पर्याय त्यांच्या हाती उरला नाही.

हजारो लोकांना कमीत कमी खर्चात जेवू घालण्यासाठी रम्फर्ड यांनी सोललेले बार्ली, वाटाणे, बटाटे, शिळ्या पावाचे तुकडे, व्हिनेगर, मीठ व पाणी यांचे दाट सूप ठरविले. बव्हेरियात तेव्हा बटाट्याबद्दल तिटकारा होता. म्हणून सुरुवातीला बटाटे वेगळ्या खोलीत, कोणाच्या नजरेस न पडता, ओळखू येणार नाहीत इतके शिजवून सुपात मिसळले जात. लोकांना चव आवडल्यानंतरच त्यातील घटक उघड करण्यात आला. हे सूप मंद आचेवर कित्येक तास शिजत ठेवले जाई. दीर्घकाळ शिजविल्याने पाण्याचेच पोषक द्रव्यात रूपांतर होते, असे रम्फर्ड मानत. ही समजूत पुढे चुकीची ठरली. या सुपाची पद्धत लंडन, पॅरिस व युरोपातील इतर शहरांतील धर्मादाय स्वयंपाकघरांनी उचलली.

चूल व इंधन

उद्योगगृहाच्या खर्चात धान्याप्रमाणेच सरपणही महत्त्वाचे होते. त्यामुळे रम्फर्ड यांनी तत्कालीन चुलींची तपासणी केली. युरोपातील बहुतेक स्वयंपाकघरांत उघड्या विस्तवावर भांडी टांगली किंवा ठेवली जात. धूर, असह्य धग आणि भांड्याच्या बाजूने निसटणाऱ्या ज्वाळा हे त्या पद्धतीचे दोष होते. उघड्या शेकोटीतील किमान सात अष्टमांश उष्णता धुरासोबत वर निघून जाते, असा त्यांचा अंदाज होता. इंग्लंडमधील उघड्या विस्तवावर चहाची एक किटली तापविण्यात जेवढे इंधन जळते, तेवढ्यात योग्य व्यवस्था असल्यास ५० माणसांचे जेवण शिजू शकेल, असे त्यांनी नमूद केले.

त्यांनी रचलेल्या विटांच्या चुलीत प्रत्येक भांड्यासाठी वेगळा व बंद अग्निकक्ष असे. भांडे विटांच्या बांधकामात खोलवर बसविलेले असल्याने ज्वाळा व तप्त वायू त्याच्या बुडाला आणि बाजूंना वेढून मगच धुराड्याकडे जात. सरपण लोखंडी जाळीवर ठेवले जाई. खालच्या राखेच्या कप्प्याच्या दारातून आत येणारी हवा कमी-जास्त करता येई, तर धुराच्या वाटेवर स्वतंत्र झडप असे. हवा रोखली की जाळ मंदावे आणि ज्या भांड्याची गरज नाही त्याखालचा विस्तव बंद ठेवता येई. भांड्यांसाठी त्यांनी दुहेरी झाकणे सुचविली. दोन पत्र्यांमधील हवा उष्णतेला अडवून धरते, हा गणवेशाच्या कापडावरील प्रयोगांतून हाती आलेला निष्कर्ष येथे उपयोगी पडला. अशी स्वयंपाकघरे म्यूनिकबरोबरच इटलीतील व्हेरोना येथील रुग्णालयांत आणि लंडनच्या फाउंडलिंग हॉस्पिटलमध्ये उभारण्यात आली.

उकळणे आणि शिजणे

पाणी एकदा उकळू लागले की उघड्या भांड्यात त्याचे तापमान आणखी वाढत नाही, ही बाब शास्त्रज्ञांना ज्ञात होती. समुद्रसपाटीला हे तापमान १०० अंश सेल्सिअस, म्हणजे रम्फर्ड वापरीत त्या मापात २१२ अंश फॅरनहाइट असते. स्वयंपाकी मात्र पदार्थ लवकर शिजावा म्हणून उकळीनंतरही मोठा जाळ ठेवीत. अन्न शिजविण्याचे काम तापमान करते, पाण्याची खळबळ करीत नाही; म्हणून मोठ्या जाळामुळे केवळ अधिक पाण्याची वाफ होते, हे रम्फर्ड यांनी पुनःपुन्हा मांडले.

त्यांच्या म्हणण्यामागील कारण अप्रकट उष्म्याच्या संकल्पनेतून स्पष्ट होते. आजच्या मापनानुसार १ किलोग्रॅम पाणी २० अंशांपासून १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापविण्यास सुमारे ३३५ किलोज्यूल ऊर्जा लागते. तेवढ्याच पाण्याची पूर्ण वाफ करण्यास मात्र सुमारे २,२५७ किलोज्यूल, म्हणजे जवळजवळ पावणेसात पट ऊर्जा खर्च होते. त्यामुळे आधण आल्यावर जाळ कमी करणे व भांड्यावर झाकण ठेवणे या दोन कृतींनी इंधनाची लक्षणीय बचत होते. शिजण्याचा वेळ कमी करायचा असल्यास पाण्याचे तापमानच वाढवावे लागते. त्यासाठी भांड्यातील दाब वाढविण्याचा मार्ग डेनिस पापँ यांनी सतराव्या शतकातच दाखविला होता आणि आजचा प्रेशर कुकर त्याच तत्त्वावर चालतो.

दाट पदार्थ पातळ पदार्थांपेक्षा उशिरा निवतात, याकडेही रम्फर्ड यांचे लक्ष जेवणाच्या टेबलावर गेले. शिजविलेली सफरचंदे व दाट सूप वरून कोमट वाटले तरी आतून तोंड पोळण्याइतके गरम राहते. पातळ द्रवातील तापलेले कण वर जातात व थंड कण खाली येतात. दाट पदार्थात या हालचालीला अडथळा होतो, असे स्पष्टीकरण त्यांनी दिले. द्रवांमधील उष्णतेच्या अभिसरणाचे हे आरंभीचे महत्त्वाचे निरीक्षण होते. मात्र द्रवांमध्ये उष्णतेचे वहन मुळीच होत नाही, हा त्यांचा पुढचा निष्कर्ष टिकला नाही.

भाजण्याची भट्टी व मंद तापमान

मांस भाजण्यासाठी ते विस्तवासमोर सळईवर फिरवीत ठेवण्याची इंग्लंडमध्ये रीत होती. त्याऐवजी रम्फर्ड यांनी विटांत बसविलेली, लोखंडी पत्र्याची दंडगोलाकार भट्टी तयार केली. तिच्या खालून जाणाऱ्या नळ्यांतील हवा विस्तवाने तापत असे. नळ्यांची तोंडे बंद ठेवली की मांस बंदिस्त उष्णतेत शिजे. अखेरीस ती उघडली की कोरड्या गरम हवेचा झोत आत शिरून मांसाचा पृष्ठभाग खरपूस होई. टपकणारी चरबी जळू नये म्हणून खालच्या तबकात पाणी ठेवले जाई.

बटाटे वाळविण्यासाठी केलेल्या यंत्रात मांस शिजते का, हे पाहण्यासाठी त्यांनी एकदा मेंढीच्या मांसाचा मोठा तुकडा त्यात ठेवला. तीन तासांनंतरही तो शिजल्याचे दिसेना. प्रयोग फसला असे समजून तो रात्रभर तसाच राहू दिला गेला. सकाळी मांस उत्तम शिजलेले व अत्यंत मऊ झालेले आढळले. पाण्याच्या उत्कलनबिंदूपेक्षा कमी तापमानही पुरेसा वेळ मिळाल्यास मांस शिजविण्यास समर्थ असते, हे यातून दिसले. मांसातील चिवट कोलॅजेनचे कमी तापमानावर सावकाश मऊ जिलेटिनमध्ये रूपांतर होते, असे त्याचे आजचे स्पष्टीकरण आहे. इ.स. १९६९मध्ये भौतिकशास्त्रज्ञ निकोलस कुर्टी यांनी रॉयल इन्स्टिट्यूशनमधील आपल्या व्याख्यानात सुमारे ८० अंश सेल्सिअस तापमानाच्या ओव्हनमध्ये मांस कित्येक तास शिजवून या प्रयोगाचा पुनःप्रत्यय दिला.

शेकोटीतील सुधारणा

इ.स. १७९५मध्ये रम्फर्ड लंडनला आले. तेथील घरांतील रुंद शेकोट्या खोलीत धूर पसरवीत व उष्णता धुराड्यातून घालवीत. रम्फर्ड यांनी शेकोटीची खोली कमी केली, दोन्ही बाजूंच्या भिंती तिरप्या केल्या आणि धुराड्याचे मुख सुमारे चार इंचांपर्यंत अरुंद केले. त्यामुळे धूर वेगाने वर खेचला जाऊ लागला, तर तिरप्या भिंतींवरून अधिक उष्णता खोलीत परावर्तित होऊ लागली. हा बदल जुन्या शेकोटीत थोड्या विटा व चुन्याने करता येत असल्याने लंडनमध्ये तो झपाट्याने पसरला. जेन ऑस्टिन यांच्या 'नॉर्थँगर ॲबी' या कादंबरीतही रम्फर्ड शेकोटीचा उल्लेख आहे. या सुधारणांचे एकस्व रम्फर्ड यांनी घेतले नाही. इ.स. १७९६पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या निबंधमालेत त्यांनी त्यांची मापे सविस्तर दिली.

घर्षण व उष्णता

म्यूनिकच्या शस्त्रागारात पितळी तोफांना भोक पाडताना धातू अतिशय तापतो, हे रम्फर्ड यांनी पाहिले. उष्णता हा 'कॅलरिक' नावाचा द्रव पदार्थ आहे, असे त्या काळचे प्रचलित मत होते. त्याच्या परीक्षणासाठी त्यांनी घोड्यांच्या बळावर चालणाऱ्या यंत्राने पितळी दंडगोल एका बोथट छेदकावर घासत फिरविला. दंडगोलाभोवतीच्या पेटीत १८.७७ पौंड (सुमारे साडेआठ किलोग्रॅम) पाणी होते. ६० अंश फॅरनहाइटवरील हे पाणी दोन तास तीस मिनिटांनी उकळू लागले. विस्तवाशिवाय पाण्याला उकळी आलेली पाहून जमलेले लोक चकित झाले.

घर्षण चालू असेपर्यंत उष्णता अखंड मिळत राहते. म्हणून ती मर्यादित साठ्यातील पदार्थ असू शकत नाही, तर ती गतीचाच एक प्रकार असली पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी २५ जानेवारी १७९८ रोजी रॉयल सोसायटीत वाचल्या गेलेल्या निबंधात मांडला. उष्णता मिळविण्याची ही रीत व्यवहारात परवडणारी नाही, कारण घोड्याला लागणारा चारा जाळल्यास त्याहून अधिक उष्णता मिळेल, हेही त्यांनी तेथेच नोंदविले. कॅलरिकचा सिद्धांत त्यानंतरही अनेक दशके टिकून राहिला. इ.स. १८४०नंतर जेम्स प्रेस्कॉट जूल यांच्या प्रयोगांनी कार्य व उष्णता यांचे निश्चित प्रमाण प्रस्थापित केले.

रॉयल इन्स्टिट्यूशन

इ.स. १७९९मध्ये रम्फर्ड यांनी जोसेफ बँक्स आदींच्या सहकार्याने लंडनमध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनची स्थापना केली. विज्ञानाचा दैनंदिन जीवनात उपयोग व्हावा, कारागिरांना उपयुक्त यंत्रे पाहता यावीत आणि त्यांत चुली, शेकोट्या व स्वयंपाकघरांचे नमुने असावेत, अशी त्यांची कल्पना होती. हंफ्री डेव्ही व थॉमस यंग यांच्या नेमणुका त्यांच्याच काळात झाल्या. संस्थेतील इतरांशी मतभेद होऊन इ.स. १८०२मध्ये त्यांनी लंडन सोडले. त्यानंतर कारागिरांच्या शिक्षणाचा मूळ उद्देश मागे पडला आणि ही संस्था व्याख्याने व मूलभूत संशोधनासाठी प्रसिद्ध झाली. मायकेल फॅरेडे यांचे कार्य पुढे याच संस्थेत घडले.

अखेरची वर्षे

रम्फर्ड यांनी पुढील आयुष्य मुख्यतः फ्रान्समध्ये घालविले. इ.स. १८०५मध्ये त्यांनी रसायनशास्त्रज्ञ आंत्वान लाव्हाझिए यांच्या विधवा पत्नी मारी-ॲन यांच्याशी विवाह केला. हा विवाह अल्पकाळ टिकला व इ.स. १८०९मध्ये दोघे विभक्त झाले. त्यानंतर ते पॅरिसजवळील ओतॉय येथे राहिले. इ.स. १८१२मध्ये त्यांनी कॉफीवर निबंध लिहिला. कॉफी उकळल्यास तिचा सुगंध उडून जातो, म्हणून गरम पाणी तिच्या पुडीतून गाळून घ्यावे, असे प्रतिपादन करून त्यांनी त्यासाठी पात्रेही तयार केली. २१ ऑगस्ट १८१४ रोजी ओतॉय येथे त्यांचे निधन झाले.

मूल्यमापन

रम्फर्ड महत्त्वाकांक्षी व हेकट होते आणि सहकाऱ्यांशी त्यांचे वारंवार खटके उडत. गरिबांच्या हिताची त्यांची तळमळ व लोकांवर हुकमत गाजविण्याची वृत्ती या दोन्ही गोष्टी म्यूनिकच्या उद्योगगृहात एकत्र दिसतात. त्यांच्या विटांच्या चुलीलाही मर्यादा होत्या. मोठे बांधकाम तापण्यास बरीच उष्णता लागते. त्यामुळे दिवसभर अनेकांचा स्वयंपाक चालणाऱ्या संस्थांत ती काटकसरीची ठरे, पण लहान कुटुंबाच्या एका वेळच्या जेवणासाठी तितकी सोयीची नव्हती. तिचा बांधणीखर्चही गरीब घरांना परवडणारा नव्हता. ही अडचण ओळखून रम्फर्ड यांनी हलविता येण्याजोग्या लहान शेगड्यांचेही आराखडे दिले. एकोणिसाव्या शतकात कारखान्यांत तयार होणाऱ्या ओतीव लोखंडाच्या चुलींनी त्यांच्या विटांच्या चुलीची जागा घेतली. मात्र बंद अग्निकक्ष, हवेचे नियंत्रण व झडप ही तत्त्वे त्यांतही कायम राहिली.

सन्मान व स्मृती

इ.स. १७९६मध्ये रम्फर्ड यांनी उष्णता व प्रकाशावरील संशोधनाच्या पारितोषिकांसाठी लंडनच्या रॉयल सोसायटीला व अमेरिकन ॲकॅडमी ऑफ आर्ट्स अँड सायन्सेस या संस्थेला देणग्या दिल्या. रॉयल सोसायटीचे पहिले रम्फर्ड पदक त्यांनाच मिळाले. त्यांच्या मृत्युपत्रातील तरतुदीतून हार्वर्ड विद्यापीठात रम्फर्ड प्राध्यापकपद निर्माण झाले. त्या पदावरील रसायनशास्त्रज्ञ एबेन हॉर्सफर्ड यांनी स्थापन केलेल्या कारखान्याला रम्फर्ड यांचे नाव देण्यात आले आणि तेथील बेकिंग पावडरही त्याच नावाने विकली गेली. म्यूनिक येथे मॅक्सिमिलियन मार्गावर रम्फर्ड यांचा पुतळा असून इंग्लिश गार्डनमध्येही त्यांचे स्मारक आहे. पुतळ्याची प्रतिकृती त्यांच्या जन्मगावी वूबर्न येथे उभारण्यात आली आहे. चंद्रावरील एका विवरालाही रम्फर्ड हे नाव आहे.